सुमय्या खालाने भरलेलं कूपन

मैत्री, तू नुसतं ऐक. मधे 'अगं पण' करायचं नाही. तू वर्षभर नागपूरला एमएस्सी करत बसलीस, इथे बहारीनला झिंजमध्ये माझं काय झालं तुला अर्धं पण माहीत नाही. फोनवर सांगितलं नाही, कारण आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, भिंतींना सुमय्या खाला आहे. बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. मी शिंकले तर वरून 'यरहमुकल्ला' येतं. तर हा तुझा करक चहा धर, गाडीचा एसी वाढव आणि ऐक. मी इतकी भडकलेय ना, आज नर्सरीत एका तीन वर्षांच्या पोराने माझ्याकडे बघून स्वतःहून खेळणी आवरली.

सुरुवात मिस जोआनपासून झाली. आमच्या नर्सरीतली अमेरिकन टीचर, मिशिगनची. सप्टेंबरमध्ये पोरं झोपली होती, आम्ही दोघी ग्लिटर गोळा करत होतो आणि तिने विचारलं, सदफ, तू कुठली? आता या प्रश्नाची माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. बहारीनी माणसाला सांगायचं, इंडिया. इंडियन माणसाला सांगायचं, रत्नागिरी. आणि रत्नागिरीत मी तोंड उघडायच्या आत लोकच सांगतात, "ही बहारीनवाल्यांची." मी तिला इंडिया सांगितलं. ती म्हणाली, नाही नाही, जन्म कुठला? म्हटलं, जन्म इथलाच, सलमानिया हॉस्पिटल. तर ती बाई ग्लिटरसकट उभी राहिली. म्हणाली, अगं मग तू आमच्यासाठी बहारीनची! लॉटरीत बसतेस!

तुला माहितीये का हे? अमेरिकेची एक लॉटरी असते. डायव्हर्सिटी व्हिसा. ज्या देशांतून त्यांच्याकडे फार लोक गेले नाहीत, त्या देशांतल्या लोकांची नावं काढतात आणि राहायला बोलावतात. भारत त्यात नाही, कारण आपण आधीच भरपूर जाऊन बसलोय. पण ते पासपोर्ट बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. समजतंय का तुला? इंडियन म्हणून मी गर्दी, आणि बहारीनमध्ये जन्मले म्हणून मी डायव्हर्सिटी! ज्या देशात माझं सीपीआर, म्हणजे ओळखीचं कार्ड दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ज्या देशाचा पासपोर्ट मला सात जन्मात मिळणार नाही, त्या देशाची मी दुर्मिळ वस्तू. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं की तू जिथे जन्मलीस तिथली आहेस, आणि ते म्हणायला अमेरिका लागली. तू पण इथेच जन्मलीस, म्हणजे तू पण दुर्मिळ. हसू नकोस.

बरं, मला अमेरिकेचं काही वेड नव्हतं. पण अब्बांची नोकरी या जूनमध्ये संपायची होती. तीस वर्षं एकाच कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजले त्यांनी. नोकरी संपली की व्हिसा संपला, त्यांचा संपला की आम्हा सगळ्यांचा. नर्सरी मला व्हिसा देत नाही, नर्सरी मला फक्त ग्लिटर देते. मग जायचं कुठे? तर 'परत' गावी. परत! त्या गावात मी आयुष्यात सगळे मिळून पाच महिने राहिलेय, त्यातले दोन कावीळ झालेली असताना. जिथे कधी राहिलोच नाही तिथे माणूस परत कसा जातो, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मला मुलांना शिकवायचं होतं, बीएडसारखं काहीतरी करायचं होतं, माझ्या हिमतीवर. म्हणून मी ठरवलं, हा एक फॉर्म भरायचा. फुकट होता तेव्हा. एक छोटासा फॉर्म, मैत्री. अर्ध्या तासाचं काम.

घरी सांगितलं ही माझी पहिली चूक.

अब्बा म्हणाले, "लॉटरी? आपल्यात?" आणि चष्मा काढून ठेवला. अब्बांनी चष्मा काढला की विषय धार्मिक झाला असं समजायचं. मग महमूद चाचाला बोलावलं. आमच्या खालच्या मजल्यावरचा, अब्बांचा चुलत भाऊ, मआमीरला वर्कशॉपमध्ये आहे. चाचा मशिदीत विचारून आला. विचारलं कोणाला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण निकाल आणला की पैसे लावले तर जुगार, इथे पैसेच नाहीत, म्हणजे हा अर्ज. त्या दिवसापासून आमच्या घरात 'लॉटरी' शब्द बंद. 'सदफचा अर्ज' म्हणायचं.

मग अमेरिकेवर चर्चा. जिन्यातल्या प्रत्येकाची आपापली अमेरिका असते हे मला माहीत नव्हतं. महमूद चाचाचा मेहुणा शिकागोला. चाचा म्हणाला, "गो, त्याने सहा वर्षांत एक गोरा नाय बघितला. भाजीवाला गुजराती, डॉक्टर पाकिस्तानी, घर घेतलं ते मेक्सिकनकडून."

अब्बा म्हणाले, "मग त्याच्यात अमेरिका कुठे आली?"

"तीच तर अमेरिका!" चाचा म्हणाला. म्हणजे शंकाच संपली.

सुमय्या खाला म्हणाली, "टीव्हीवर दाखवतात, भायेरच्या लोकांना धरून धरून विमानात घालतात. आणि हिला बोलावतायत? काय गो, फसवणूक तर नाय ना?" आमचा फहाद, एकोणीस वर्षांचा, मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "वन हँड किक, वन हँड लॉटरी. मेक अप युअर माइंड, यार." आयुष्यात पहिल्यांदा मला माझा भाऊ शहाणा वाटला. ते फार दिवस टिकलं नाही, सांगते पुढे.

आणि तिकडे मिस जोआन रोज मला तिच्या गल्लीचं कौतुक सांगायची, आंबेवाला पेटी उघडून दाखवतो तसं. एका कोपऱ्यावर येमेनी बेकरी, समोर पोलिश लोकांचं चर्च, त्याच्या मागे बांगलादेशी मशीद, आणि शाळेत एकोणीस भाषांत वेलकमचा बोर्ड. सगळं ऐकून मी म्हटलं, मिस, आमच्या जिन्यात या. तळमजल्याला मलयाळी कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणावाला, पहिल्याला फिलिपिनो नर्सा, समोर इजिप्शियन अकाउंटंट, बाजूला लाहोरवाले, गच्चीत बांगलादेशी वॉचमन, आणि लिफ्टमध्ये आठ देशांच्या फोडण्या. पण याला कोणी डायव्हर्सिटी म्हणत नाही. याला 'स्वस्त बिल्डिंग' म्हणतात. आमच्यासाठी वेलकमचा बोर्ड नाही, पार्किंगचा आहे: 'येथे लावू नये'.

हो हो, मुद्द्यावर येतेय. फोटो.

फॉर्मला फोटो लागतो, चौकोनी, पांढऱ्या भिंतीसमोर, चष्मा नको आणि एडिटिंग अजिबात नको. मनामाला एका स्टुडिओत गेले. त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर काहीतरी खडखड केलं आणि प्रिंट हातात दिली. त्यात कोणीतरी दुसरीच. गालावरचा तीळ गायब, आणि रंग असा की मला आधी ताप आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, ही कोण? तो प्रेमाने म्हणाला, "अमेरिका है ना मॅडम, इसलिए थोडा गोरा कर दिया." मैत्री, मी तिथे काउंटरवर हात आपटला! त्यांना वेगवेगळे लोक हवेत म्हणून तर हा फोटो, आणि हा मला तिकडचीच करून पाठवतोय! तीन वेळा काढायला लावला. तिसऱ्या वेळी तीळ परत आला. त्याने मला आठ कॉप्या जास्तीच्या दिल्या, भांडण मिटावं म्हणून. त्या आठ कॉप्या मी अम्मीच्या कपाटात ठेवल्या. ही माझी दुसरी चूक.

फॉर्म तुझ्या प्रज्योतदादाने भरून दिला, तुमच्याच डायनिंग टेबलवर. त्याने मला तीन वेळा बजावलं, "सदफ, एका माणसाचा एकच फॉर्म. दुसरा सापडला की सगळे बाद. एकच." मी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं: एकच फॉर्म, बरं का. सगळ्यांनी मान हलवली. अब्बा, अम्मी, चाचा, खाला, फहाद, सगळ्यांनी. आता तूच बघ, आपल्याकडे मान हलवणं म्हणजे काय? 'ऐकू आलं.' बास. त्याच्यापुढे काही नाही.

कारण हे लोक कूपनवाले आहेत ना! तुला सुमय्या खालाची कूपनं आठवतात? हायपरमार्केटमध्ये तेलाच्या डब्याबरोबर मिळतात ती, मोटार लागेल, फ्रिज लागेल. लोक घरी नेऊन टाकून देतात. खाला ती टेबलवर पसरते, पेनं वाटते आणि घरातल्या, दारातल्या, गावातल्या, वारलेल्यासुद्धा माणसांच्या नावाने भरते. एकाने भरलं तर नशीब एक, दहांनी भरलं तर दहा. तिला राइस कुकर लागलाय तसा. एकदा हॉटेलात दोघांचं जेवण लागलं, पण कूपनवर एकच नाव होतं म्हणून दुसऱ्याला आत सोडलं नाही. खाला बाहेर खुर्चीवर बसून राहिली आणि नावेद, तिचा मुलगा, आत एकटा जेवला. तेव्हापासून तिचा नियम: बक्षीस दोघांचं असेल तर नावं दोन लिहायची. हे सगळं मला माहीत होतं गं. बिल्डिंगला माहीत होतं. पण अमेरिकेचं सरकार आणि तेलाचा डबा यात काहीतरी फरक असेल, एवढं तर माणूस गृहीत धरतो ना?

फॉर्म गेला. मग आलं लग्नाचं पीक.

कोणीतरी बातमी फोडली की नंबर लागला तर नवऱ्याला पण नेता येतं. झालं! ज्या मुलीच्या रंगाबद्दल, उंचीबद्दल आणि तोंडाबद्दल गेली तीन वर्षं बायका हळहळत होत्या, ती एका आठवड्यात परी झाली. मआमीरहून एक स्थळ आलं, हिद्दहून एक. चिपळूणहून एका मुलाचा बायोडेटा आला, त्यात अपेक्षा लिहिल्या होत्या: मुलगी घरकामात हुशार, नमाजी, आणि 'बहारीन बॉर्न'. टोयोटाची गाडी घेताना जपान मेड बघतात तसं. एकाच्या आईने तर मला बघून अम्मीला विचारलं, "बर्थ सर्टिफिकेट ओरिजिनल हाय ना?" मी ट्रेमधले चहाचे कप तसेच परत आत नेले. अम्मी पाठीमागून म्हणाली, "अगो, चा तरी दे." म्हटलं, चा इंडियन आहे, त्यांना चालणार नाही.

नावेदचं नाव कोणी काढलं नाही तेव्हा. तुला आठवतो ना नावेद? शांत, उंच, हिद्दला वेअरहाउसमध्ये, पाण्याची मोठी बाटली एका हाताने उचलतो. तो गावी जन्मला, चार वर्षांचा असताना इथे आला. म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने तो गर्दीतला. मला तो कधी त्रास देत नाही एवढीच माझी त्याच्याबद्दल माहिती.

मे महिन्यात निकाल. नर्सरीच्या बाथरूममध्ये उभी राहून मी माझा नंबर टाकला. इवल्याशा कमोडच्या रांगेत. वर लिहिलेलं, तुमची निवड झालेली नाही. मी रडले नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय, तुला सांगते, रडले. मग तोंड धुतलं आणि वीस पोरांना 'इफ यू आर हॅपी' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी आले तर जिन्यातच सांदणांचा वास. आमच्याकडे सांदणं ईदला करतात नाहीतर बाळ झालं तर. मी म्हटलं, कोणाला बाळ झालं? दार उघडलं तर आमच्या हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग, मधे सुमय्या खाला हातात कागद घेऊन. मला बघितलं आणि ओरडली, "लागली गो लागली! माज्या सदफला अमेरिका लागली!" लाहोरवाल्या आंटीने मला मिठी मारली. इजिप्शियन अकाउंटंट 'मबरूक मबरूक' करत हात हलवत होता, कशाबद्दल ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "खाला, नाही लागली. मी आत्ता माझा नंबर बघितला."

"तुज्या नंबरला काय विचारतेस?" खाला म्हणाली. "माज्या नंबरला विचार."

मी विचारलं, तुमचा नंबर म्हणजे? तर असं निघालं, की एकच फॉर्म भरायचा असं मी सांगितल्यावर सगळ्यांना माझी दया आली. पोरगी साधी, एकच भरते. म्हणून खालाने मनामाच्या टायपिंगच्या दुकानातून एक भरला. महमूद चाचाने दोन.

"दोन?" मी म्हटलं.

चाचा खाली मान घालून म्हणाला, "पहिल्यात जन्मतारीख चुकली होती गो. बरोबर नको करायला?"

आणि फहादने एक. त्या शहाण्याने! "आय वॉज हेल्पिंग," म्हणाला. माझा धरून पाच. माझ्या नावाचे पाच फॉर्म अमेरिकेला गेले, आणि आठ कॉप्यांमधले फोटो यांना कोणी दिले? मी अम्मीकडे बघितलं. अम्मी सांदण तोडत म्हणाली, "फोटोच तर होता."

मी कागद मागितला. टायपिंगवाल्याने काय काय भरलं त्याची कॉपी होती ती. नाव बरोबर, तारीख बरोबर, जन्म बहारीन. खाली: विवाहित. पतीचे नाव: नावेद. मी परत वाचलं. मग नावेदचा फोटो होता, चौकोनी, पांढऱ्या भिंतीसमोर. त्याच्या फोटोला स्टुडिओवाल्याने हात लावला नव्हता, हे पण मला तेव्हाच दिसलं आणि त्याचा वेगळा राग आला.

"खाला, माझं लग्न झालंय?"

"होणार तर होतं ना गो कधीतरी," खाला म्हणाली, एकदम शांतपणे. "बक्षीस दोघांचं. एक जागा फुकट घालवायची? हाटेलात काय झालं विसरलीस?"

मी ओरडले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण खालच्या कोल्ड स्टोअरचा अनिल वर आला चोर शिरला का बघायला. मी म्हटलं मला विचारलंत का? एकदा तरी? माझा फोटो, माझी जन्मतारीख, माझं नाव, आणि मीच सोडून सगळी बिल्डिंग माझ्या लग्नाला हजर! खाला अजिबात डगमगली नाही. म्हणाली, "फोटो तुजा, जन्म तुजा. पण नशीब माज्या हाताचं. चार जणांनी भरले, लागलं कोणाचं? माज्या हाताला यश हाय. मग माज्या पोराचा वाटा नको?"

आणि सगळ्यात भयंकर काय माहितीये? बिल्डिंग विचार करायला लागली. खरंच विचार! चाचा म्हणाला, निकाह आत्ता करू, आणि गावच्या ओळखीच्या काझीला सांगून नोंदवहीत मागच्या सप्टेंबरची तारीख टाकू, एक ओळ रिकामी असतेच. लाहोरवाल्या आंटीने कपड्यांचं विचारलं. फहाद म्हणाला, "डू आय गेट टू कम?" मी अब्बांकडे बघितलं. म्हटलं, आता अब्बा चष्मा काढणार. लॉटरीला काढला होता, मग खोट्या निकाहाला तर काढतीलच. अब्बांनी चष्मा काढला नाही. नाकावर नीट बसवला, कागद हातात घेतला, दोन्हीकडून वाचला आणि म्हणाले, "मुलगा वाईट नाय गो."

तीस वर्षं ज्या माणसाने एक बोल्ट कमी पडला तर घरी येऊन जेवला नाही, तो माणूस. जूनला दोन आठवडे राहिले होते. हॉलमध्ये खोके रचलेले, त्यांच्यावर लोक सांदणांच्या प्लेटी ठेवत होते. मला समजत होतं त्यांना काय वाटतंय. त्यांना वाटत होतं, आपली पोरगी तरी 'परत' जाणार नाही. म्हणून तर राग येतो! दुष्ट लोकांवर भडकणं सोपं असतं. ही सगळी माझं भलं करत होती, पाच पाच फॉर्म भरून.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतदादाला गाठलं. तो आधी हसला, मग पाच आकडा ऐकून हसायचा थांबला. म्हणाला, "पकडतील किंवा नाही पकडणार, मी सांगू शकत नाही. इंटरव्ह्यूला विचारलं लग्न कधी झालं, तर तू आणि नावेदने एकच तारीख सांगायची. मग तिथे गेल्यावर पण तीच सांगायची. म्हातारपणी पण. पकडलं तर पुढे कायमचं दार बंद." मग म्हणाला, "आमच्याकडे बघ, कागदावर एक आणि खरं एक, असं जगायला लागू नये म्हणून तर आमच्या आजोबांनी दीक्षा घेऊन जुनं सगळं सोडलं होतं." तुझा दादा कधी कधी फार गंभीर होतो. पण ते डोक्यात बसलं.

मी रात्र-बित्र जागून विचार वगैरे केला नाही. मी ग्लिटर झटकलं, मिस जोआनचा लॅपटॉप घेतला आणि डबा खायच्या सुट्टीत त्या साइटवरच्या पत्त्यावर ईमेल लिहिला. माझं लग्न झालेलं नाही. माझ्या नावाने पाच अर्ज आलेत, त्यातला एकच माझा. हा निवडलेला माझा नाही. मिस जोआनने वाचलं आणि म्हणाली, सदफ, तुला खात्री आहे? मी म्हटलं, नाही. आणि सेंड दाबलं. एका मिनिटात उत्तर आलं, मशीनचं: डायव्हर्सिटी व्हिसा कार्यक्रमात रस दाखवल्याबद्दल धन्यवाद.

घरी सांगितलं. अब्बा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत, खोके बांधत राहिले, टेप इतकी जोरात फाडायचे की मला लागायची. अम्मी म्हणाली, "चांगुलपणा बी कधी करायचा त्याला टाइम असतो." खालाने बोलणं बंद केलं, जिन्यात मला बघून भिंतीला सलाम करते. सगळ्या बिल्डिंगला मी गर्विष्ठ. इजिप्शियन अकाउंटंटने मबरूक मागे घेतलं नाही तेवढं एक.

आता मेन ऐक. परवा शुक्रवारी, जुम्मा सुटल्यावर, जिन्यात नावेद. पाण्याची बाटली खांद्यावर. मी बाजूला झाले, तर त्याने बाटली पायरीवर ठेवली. मी म्हटलं, बोल, तू पण बोलून घे.

तो म्हणाला, "माझं काँट्रॅक्ट संपलं. ऑगस्टला मी पण चाललो. आईला ऑक्टोबरमध्येच माहीत होतं, म्हणून तिने..."

"आणि तुला? तुला फॉर्मचं माहीत होतं?"

तो म्हणाला, "मीच गाडीने नेलं होतं तिला टायपिंगवाल्याकडे."

मैत्री, मला तिथेच त्याची ती बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली, मला उचलली नसती म्हणून राहिली. मी म्हटलं, सात महिने! सात महिने तू मला रोज सलाम करतोस आणि तुला माहीत होतं की तू माझा नवरा आहेस! तो म्हणाला, "मी आईला हो म्हटलं नव्हतं." मग म्हणाला, "नाही पण म्हटलं नव्हतं. मला वाटलं, लागणारच नाही. कूपन कोणाला लागतं?"

"आता बडबडू नको. ईमेल गेलाय. खलास."

"माहितीये. बरं केलंस," तो म्हणाला. खरंच म्हणाला. "मला खोटी तारीख पाठ झाली नसती." त्याने बाटली परत खांद्यावर घेतली, दोन पायऱ्या चढला आणि वळून, एकदम हळू, जसं काही वजन विचारतोय तसं, म्हणाला, "एक विचारू? मी सप्टेंबरमध्ये येऊन तुला स्वतः विचारलं असतं, आई नाही, मी. अमेरिका वगैरे काही नाही, नुसतं विचारलं असतं. तर?"

आणि गेला वर! उत्तराला थांबला पण नाही! ही काय पद्धत झाली? सात महिने गप्प बसायचं आणि मग जिन्यात बाँब ठेवून पाणी भरायला जायचं! परवापासून मी याच रागात आहे. खालाचा राग कुठे गेला कळत नाही, अब्बांचा पण उतरला, काल मीच त्यांना टेप धरून दिली. हा एक उतरत नाही. अठ्ठावीस तारखेचं आमचं तिकीट आहे, तो वर आहे, भिंतींना त्याची आई आहे, आणि मला त्याला नाही म्हणायला जायचंय, तर मी तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलेय.

अगं पण काय अगं पण! त्याने खरंच तेव्हा येऊन विचारलं असतं, फॉर्म नाही, अमेरिका नाही, काही नाही... तू सांग ना. माझ्या जागी तू असतीस, तर तू काय केलं असतंस?